तीन लिटरच्या चेंबरात साडेतीन लिटर: सर्व्हिसनंतर वाढलेल्या इंजिन ऑइलचं एक प्रकरण

बिलावर लिहिलं होतं: इंजिन ऑइल ५डब्ल्यू-३०, साडेतीन लिटर, नग एक. गाडीच्या मॅन्युअलमध्ये मात्र फिल्टरसकट ऑइल बदलायला ३.१ लिटर लागतं असं छापलेलं. मधले ४०० मिलिलिटर एकतर कॅनमध्ये उरायला हवेत, नाहीतर ते इंजिनात जास्तीचे पडले असणार. उरलेला कॅन मालकाच्या हाती आला नव्हता.

मालक म्हणजे माझे दाजी. गाडी १.२ लिटरची, चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक, बीएस-४, साठ हजारांच्या आसपास चाललेली आणि तोवर ऑइल न खाणारी. कोल्हापुरात अधिकृत सर्व्हिस सेंटरला सर्व्हिस करून दाजी आंबा घाटातून रत्नागिरीला निघाले. घाट उतरून साखरप्याच्या अलीकडे सरळ रस्ता लागला, त्यांनी ॲक्सिलरेटर दाबला आणि आरशात निळसर धूर दिसला. थोड्या अंतराने तो आपोआप थांबला. परतीच्या वाटेवर चढाला काही जाणवलं नाही, पण घरी आल्यावर सकाळच्या पहिल्या स्टार्टला पुन्हा एक भपका आला आणि बॉनेटखालून जळक्या तेलाचा वास. मग मला फोन: “मास्तर, गाडी ऑइल मारायला लागली की ओ. इंजिन गेलं म्हणायचं काय?”

मी आयटीआयमध्ये मेकॅनिक मोटर व्हेईकलचा ट्रेड शिकवतो. फोनवर इंजिन गेलं की राहिलं हे सांगत नाही. त्यांना एवढंच म्हटलं की दाजी, सपाट जागेवर गाडी लावा, स्टार्ट करू नका, मी येतो.

डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी काडी, पाहणं ही सगळ्यांना येते असं वाटणारी गोष्ट आहे, आणि नेमकी तीच बहुतेक वेळा चुकते. गाडी उतारावर असते, इंजिन आत्ताच बंद केलेलं असतं, किंवा काडी न पुसता पहिलंच रीडिंग खरं मानलं जातं. काडी ज्या नळीतून खाली जाते तिच्या आतल्या भिंतीला ऑइल चिकटलेलं असतं, त्यामुळे पहिल्यांदा बाहेर येणारी काडी वरपर्यंत माखलेली दिसते. पुसून पुन्हा घालायची, पूर्ण बसवायची, बाहेर काढून दोन्ही बाजू बघायच्या. दोन बाजूंना वेगळी रेघ दिसली तर खालची धरायची. इंजिन गरम असताना बघायचं की थंड, हे प्रत्येक मॅन्युअलमध्ये वेगळं असू शकतं. या गाडीत गरम इंजिन बंद करून पाच मिनिटं थांबायला सांगितलं आहे. रात्रभर उभ्या गाडीत ऑइल पूर्ण खाली उतरलेलं असल्याने रेघ थोडी वर दिसते, तो फरक मनात धरून मी मोजलं.

रेघ काडीवरच्या ‘मॅक्स’ खुणेच्या वर १३ मिलिमीटर होती. मिन आणि मॅक्समधलं अंतर पट्टीने मोजलं तर २२ मिलिमीटर. म्हणजे हे ‘थोडं वर’ नव्हतं. खुणांच्या अर्ध्याहून जास्त अंतराइतकं ऑइल खुणेच्या बाहेर होतं.

इथे लगेच पाना हातात घेण्याचा मोह होतो. पण लेव्हल वर आहे याचा अर्थ ऑइल जास्त ओतलं आहे असाच होतो असं नाही. चेंबरात, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं त्या भांड्यात, दुसरं काहीतरी मिसळत असलं तरी काडी वरच दाखवते, आणि तसं असेल तर जास्तीचं काढून टाकणं म्हणजे आजार झाकणं. म्हणून आधी पाण्याकडे पाहिलं. कूलंटच्या बाटलीतली लेव्हल जागच्या जागी होती, ऑइल फिलरच्या झाकणाखाली पांढरट साय नव्हती, गरम तव्यावर टाकलेला ऑइलचा थेंब तडतडला नाही. पेट्रोलचा वास नाही. एक थेंब वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर सोडला. तो सारखा पसरला, पेट्रोल मिसळलं की येतं तसं बाहेर पातळ कडं आलं नाही. शेवटचा संशय जरा विचित्र वाटेल, पण तो जगभर घडतो: मेकॅनिक इंजिनाऐवजी गिअरबॉक्सचा ड्रेन बोल्ट उघडतो, गिअरबॉक्स रिकामा करतो आणि नवीन ऑइल आधीच भरलेल्या इंजिनात ओततो. अशा गाडीत इंजिनात दुप्पट ऑइल आणि गिअरबॉक्समध्ये शून्य अशी अवस्था असते, आणि ती चालवत वर्कशॉपला नेणं म्हणजे गिअरबॉक्सचा जीव घेणं. लेव्हल खुणेच्या कितीतरी वर, तीन लिटरने जास्त वाटली की आधी हे तपासायचं. आमच्या गाडीत तेवढी वाढ नव्हतीच. तरी गिअरबॉक्सचा लेव्हल प्लग उघडून बोट घातलं. ऑइल काठाला होतं.

मग जास्तीचं नेमकं किती? लहान गाड्यांत मिन ते मॅक्स म्हणजे साधारण एक लिटर. त्या हिशेबाने १३ मिलिमीटर म्हणजे ६०० मिलिलिटरच्या घरात. बिलातल्या फरकाने ४०० चा हिशेब लागतो. उरलेले २०० कुठून आले?

पहिली शंका फिल्टरवर. फिल्टर बदललाच नसेल तर त्यात अडकलेलं जुनं ऑइल आतच राहतं, आणि ते साधारण तेवढंच भरतं. पण फिल्टर नवा होता, रंग चकचकीत, धूळ नाही. गाडीखाली सरकून चेंबरचा ड्रेन बोल्ट बघितला आणि उत्तर मिळालं. बोल्टभोवती पावसाळ्यातल्या चिखलाचा वाळलेला थर जसाच्या तसा होता. षटकोनी डोक्यावर पान्याची एकही ताजी खूण नाही. बोल्ट उघडलाच गेला नव्हता. जुनं ऑइल डिपस्टिकच्या नळीतून सक्शन मशीनने ओढलं होतं.

या पद्धतीवर माझा राग नाही. काही युरोपीय गाड्यांत ती मान्य पद्धत आहे, चेंबर त्या हिशेबाने घडवलेलं असतं आणि नळी थेट तळाच्या खोलगट जागेत उतरते. आपल्याकडच्या छोट्या गाड्यांत मात्र नळीचं टोक तळाच्या कोपऱ्यापर्यंत पोहोचेलच असं नाही, आणि तळाशी बोट-अर्धं बोट काळं ऑइल राहून जातं. तासा-दीड तासाच्या घाईच्या सर्व्हिसमध्ये गाडी लिफ्टवर न चढवता काम उरकायला ही पद्धत सोयीची पडते. राहून गेलेलं २०० आणि वरून पूर्ण उलटा केलेला साडेतीन लिटरचा कॅन. ऑइल तीन, साडेतीन, चार लिटरच्या पॅकमध्ये येतं; इंजिन ३.१ लिटरचं असतं. पॅक फोडला की बिल पॅकचंच लागतं, आणि उरलेलं ग्राहकाला परत देण्यापेक्षा ओतून टाकणं सोपं. यात कुणाचा दुष्टपणा नाही. मोजपात्र मात्र कुणाच्या हातात नसतं.

दाजींनी दरम्यान सर्व्हिस ॲडव्हायझरला फोन केला होता. “थोडं जास्त असलेलं बरं असतं सर, पुढच्या सर्व्हिसपर्यंत पुरतं” असं उत्तर मिळालं. दुसरीकडे त्यांच्या भाच्याने मोबाईलवर कुठला तरी व्हिडिओ दाखवला होता, त्यात जास्त ऑइलने इंजिन फुटतं असं ठणकावून सांगितलेलं. या दोन्ही टोकांना एकच गोष्ट बोलायची नव्हती: किती जास्त.

जास्त ऑइलने होतं काय, ते बघू. चेंबरच्या वर क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा, फिरतो. त्याची वजनं ऑइलच्या पृष्ठभागाला लागली की ऑइल ताकासारखं घुसळलं जातं, त्यात हवेचे बुडबुडे मिसळतात. ऑइल पंप ते फेसाळ ऑइल ओढतो. हवा दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही, म्हणून बेअरिंगवरचा ऑइलचा थर कमकुवत होतो आणि ज्या इंजिनात हायड्रॉलिक टॅपेट असतात ती टकटकायला लागतात. घुसळण्यात ताकद जाते, ऑइल जास्त तापतं. उडालेलं ऑइल ब्रीदरच्या वाटेने, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर काढणाऱ्या पीसीव्ही व्हॉल्व्हमधून, इनटेकमध्ये (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या वाटेत) ओढलं जातं आणि पेट्रोलबरोबर जळतं. निळा धूर तो हाच. फार काळ असं चाललं तर प्लग माखतात, आणि ऑइलमधल्या झीजरोधक द्रव्यातलं जस्त आणि फॉस्फरस सायलेन्सरच्या वाटेवर धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर बसतं, ते परत निघत नाही.

आता दुसरी बाजू. इंजिन चालू असताना बरंचसं ऑइल वर हेडमध्ये, नळ्यांमध्ये, फिल्टरमध्ये फिरत असतं. त्यामुळे चालू इंजिनात चेंबरमधली पातळी काडीवरच्या रेघेपेक्षा खाली असते. शंभर-दीडशे मिलिलिटर जास्त झालं म्हणून क्रँक ऑइलात बुडत नाही. ६०० मिलिलिटरने मात्र सपाट जागेतली पातळी सेंटिमीटरहून जास्त वर जाते, आणि घाटात ती सपाट राहतच नाही.

इथे एक गोष्ट मुलांना फळ्यावर काढून दाखवली, कारण सगळ्यांना वाटलं की त्रास चढ-उताराने झाला. इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना देणाऱ्या छोट्या गाडीत इंजिन बहुधा आडवं बसवलेलं असतं, म्हणजे क्रँकची लांबी डावी-उजवीकडे. चढ-उतारावर ऑइल चेंबरच्या अरुंद दिशेला सरकतं. दहात एक चढाला पातळी टोकाशी फार तर सेंटिमीटरभर उचलते. वळणावर मात्र ते लांब दिशेला सरकतं. ३० मीटर त्रिज्येचं वळण ताशी ३४ किलोमीटरने घेतलं तर बाजूचा जोर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ०.३ पट येतो, म्हणजे ऑइलचा पृष्ठभाग साधारण १७ अंशांनी कलतो. चेंबर ३५ सेंटिमीटर लांब धरलं तर एका टोकाला पातळी पाच सेंटिमीटर वर. आत आडव्या पट्ट्या असतात, त्या ऑइलला रोखतात, आणि वळण काही सेकंदांत संपतं, म्हणून प्रत्यक्षात एवढं होत नाही. पण मुळात सेंटिमीटरभर वर असलेल्या ऑइलने घाटातल्या एकामागून एक वळणांवर शेवटच्या सिलिंडरखालचा क्रँक गाठला, हे मानायला हरकत नाही. त्यात उतारावर दाजी दुसऱ्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर सोडून येत होते. थ्रॉटल बंद, आरपीएम चढे, इनटेकमध्ये जोरदार व्हॅक्यूम. उडालेलं ऑइल तिकडे ओढलं गेलं, साचलं, आणि खाली आल्यावर ॲक्सिलरेटर दाबताच जळून बाहेर पडलं.

लांब उतारानंतर निळा भपका हे झिजलेल्या व्हॉल्व्ह सीलचंही (व्हॉल्व्हवरून ऑइल सिलिंडरात उतरू न देणाऱ्या रबरी सीलचं) लक्षण आहे. इथे सर्व्हिसपूर्वी धूर कधीच नव्हता, त्यामुळे ती शक्यता मागे ठेवली, पुसून टाकली नाही.

काढायचं ठरलं. दाजींचा आग्रह होता की गाडी सर्व्हिस सेंटरलाच न्यावी, ज्यांनी केलं त्यांनीच निस्तरावं. माझं म्हणणं, आधी पुरावा करा मग काढा, पण चालवत नेऊ नका. काडीचा पट्टीसकट फोटो, चिखलाने बंद असलेल्या ड्रेन बोल्टचा फोटो, ओडोमीटर, बिल. हे सगळं सर्व्हिस सेंटरला ईमेलने पाठवलं, आणि मगच काडी बाहेर ठेवली.

ड्रेन बोल्ट सैल करून थोडं सोडायचं आणि परत आवळायचं, ही नेहमीची पद्धत मला या कामाला आवडत नाही. ऑइल हातावर येतं, किती गेलं ते कळत नाही, आणि बोल्ट उघडला की त्याचं वॉशर बदलायला हवं. जुनंच आवळलं तर पाझरतं, आणि पाझर थांबवायला जास्त आवळलं तर ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे जातात. म्हणून काडीच्या नळीतून आत सोडून ऑइल ओढायला मेडिकलमधून रायल्स ट्यूब आणली. रुग्णाला नाकातून अन्न देतात ती. १४ नंबरची नळी बाहेरून पावणेपाच मिलिमीटरच्या जवळपास असते आणि मीटरभर लांब, शिवाय तिच्यावर खुणा असतात. टोकाशी वजनासाठी बंद केलेल्या बारीक गोळ्या आणि त्याच्या वर बाजूला भोकं असतात. तो सगळा भाग आधी कापून टाकायचा. गोळी चेंबरात पडली तर नवंच दुखणं, आणि बाजूच्या भोकांतून ऑइलऐवजी हवा येते. सोबत ५० मिलिलिटरची लांब निमुळत्या तोंडाची सिरिंज. मेडिकलवाल्याने “पेशंट कुठं आहे?” विचारलं, दाजी म्हणाले, “पार्किंगमध्ये.”

गाडी दुपारी उन्हात उभी होती तेवढी ऊब पुरली. गरम इंजिनात ही नळी घालू नये, ती मऊ पडते. थंडगार ऑइल सिरिंजला जड जातं: ५डब्ल्यू-३० ऑइल ४० अंशांना १०० अंशांपेक्षा पाच-सहा पट घट्ट असतं. हळू ओढायचं, एवढंच.

प्रत्येक १०० मिलिलिटर काढल्यावर काडी पुसून रीडिंग घेतलं. दर खेपेला रेघ दोन मिलिमीटरहून थोडी जास्त उतरत गेली. म्हणजे २२ मिलिमीटरला एक लिटर हा अंदाज बरोबर होता, आणि आता दाजींकडे त्यांच्या गाडीचीच मोजपट्टी तयार झाली. ६०० ला रेघ मॅक्सवर आली. अजून १०० काढून मॅक्सच्या दोन मिलिमीटर खाली थांबलो. पूर्ण मॅक्सवरच हवं असं काही नसतं. दोन खुणांच्या मधलं सगळंच इंजिनाला चालतं.

मग नुकसानीची तपासणी. एअर फिल्टरपासून थ्रॉटलकडे जाणाऱ्या पाइपच्या आत ऑइलचा ओलसर थर होता, थ्रॉटल बॉडीच्या कडेला तपकिरी कडं. एअर फिल्टर कोरडा. चारही प्लग काढले: पोर्सेलिन फिकट तपकिरी, एकाच्या आट्यांना जरासा ओलावा. क्रँकच्या मागच्या सीलखाली, जिथे इंजिन आणि गिअरबॉक्स जुळतात तिथे, पुसून कोरडं केलं आणि नंतर पुन्हा बघितलं, पाझर नाही. जास्त ऑइलने सील हमखास फुटतं असं सांगतात, पण आत दाब फार वाढल्याशिवाय धडधाकट सील सहसा जात नाही. आधीच कडक झालेलं सील मात्र या निमित्ताने उघडं पडतं.

पुढचे दोन दिवस सकाळच्या स्टार्टला अगदी हलका धूर आला, साचलेलं जळत होतं तोवर. नंतर बंद. पावसाळा संपेपर्यंत तीच गाडी तोच घाट उतरली आणि धूर आला नाही, तेव्हा व्हॉल्व्ह सीलची मागे ठेवलेली शंकाही मिटली.

किती जास्त असेल तर काय करावं, याबद्दल माझा स्वतःचा ठोकताळा, तीन-चार लिटरच्या चेंबरपुरता: मॅक्सच्या वर दोन-तीन मिलिमीटर असेल तर सोडून द्या, झोप घालवू नका. पाव लिटरच्या आसपास असेल तर सवडीने काढा. अर्धा लिटर झालं की हायवेला किंवा घाटाला जाण्याआधी काढा. लिटरभर किंवा जास्त असेल तर किल्लीच फिरवू नका, गाडी उभी आहे तिथेच माणूस बोलवा.

सर्व्हिस सेंटरचं प्रकरण दाजींनी हाताळलं, आणि चांगलं हाताळलं. आवाज न चढवता त्यांनी मॅनेजरसमोर मॅन्युअलचं पान आणि बिल शेजारी ठेवलं, वर ७०० मिलिलिटरची बाटली. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये सेवेतली त्रुटी येते आणि १९१५ या हेल्पलाइनवर तक्रार करता येते, हे त्यांना माहीत होतं. ते बोलून दाखवायची वेळ आली नाही. मॅनेजरने गाडी लिफ्टवर घेतली, बोल्टवरचा चिखल स्वतः पाहिला. थ्रॉटल बॉडी मोफत साफ करून दिली, आणि दाजींनी मागितल्यावर सगळं ऑइल बोल्ट उघडून, नवीन वॉशर घालून बदलून दिलं. जास्तीच्या ४०० मिलिलिटरचे पैसे मात्र मिळाले नाहीत, पॅक फुटला की फुटला. आता जॉब कार्डवर दाजी स्वतःच्या हाताने लिहितात: ‘३.१ लिटर, बोल्टने ड्रेन, उरलेलं ऑइल कॅनसह परत.’ बाटलीतलं ऑइल मी तिथेच जुन्या ऑइलच्या पिंपात ओतायला लावलं. वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं, ते गटारात सोडायची चीज नाही.

हाच उपाय बीएस-६ डिझेल गाडीला डोळे झाकून लावू नये. त्यांच्यात धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर साचलेली काजळी जाळून स्वतःला साफ करतो तेव्हा जास्तीचं डिझेल सिलिंडरात सोडलं जातं, आणि त्यातलं काही पिस्टनच्या रिंगांवरून खाली उतरून ऑइलात मिसळतं. गाडी रोज चार-पाच किलोमीटरच चालत असेल तर हा प्रकार वाढतो, लेव्हल हळूहळू चढते आणि ऑइल पातळ होत जातं. थेट इंजेक्शनच्या टर्बो पेट्रोल इंजिनांतही थंड हवेत आणि छोट्या फेऱ्यांत असं होतं; २०१८ मध्ये चीनच्या थंड भागात होंडाच्या १.५ लिटर टर्बो गाड्यांची तक्रार हीच होती. अशा गाडीत सिरिंजने लेव्हल खाली आणली तर काडी समाधानाची दिसेल आणि चेंबरात पातळ ऑइल तसंच राहील. तिथे सगळं ऑइल बदलावं लागतं. डिझेलची आणखी एक भीती वेगळी: इनटेकमध्ये पुरेसं ऑइल गेलं तर इंजिन ते इंधन म्हणून जाळतं आणि किल्ली बंद करूनही थांबत नाही. डिझेल गाडीत सर्व्हिसनंतर लेव्हल मॅक्सच्या बरीच वर दिसली तर मी पट्टी आणायलाही थांबणार नाही, आधी गाडी उभी करेन.